पांढऱ्या फडक्यावरचा डाग

माझ्या आत्याला उभ्या जगाची किळस यायची, आणि पोटासाठी तिनं आयुष्यभर लोकांची घाणच धुतली. बावीस वर्षं ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. चादरीला नुसतं नाक लावून ती सांगायची, हे रक्त, हे औषध, ही उलटी, आणि ही कालचीच चादर आहे, कुणीतरी आळशानं न धुता घडी घालून ठेवलीय. लग्न तिनं केलं नाही. एकजण बघायला आला होता, चांगला शिकलेला. बोलताबोलता त्यानं करंगळीनं कान कोरला आणि करंगळीकडे निरखून पाहिलं. आत्या उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही. आई अजूनही म्हणते, "त्या कानातल्या मळापायी आमची वन्सं घरात राहिली."

हॉस्पिटलनं लाँड्रीचं काम बाहेर दिलं तेव्हा आत्या छप्पन्न वर्षांची होती. सहा महिने घरात बसून तिनं आमच्या उशांचे अभ्रे इतके धुतले की त्यांची फुलं उडाली. मग धक्क्याजवळच्या स्कूबा शिकवणाऱ्या दुकानात सामान धुवायला बाई हवी होती, तिथं ती लागली.

दुकानाच्या मागे सिमेंटचं अंगण होतं. एका कडेला चार मोठे टब, वर दोरीवर जाड लाकडी हँगर. समोरच्या बाजूला पत्र्याची शेड, तीत पाठीवरच्या टाक्यांमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर. पर्यटक पाण्यातून वर आले की सगळं सामान आत्यापुढे येऊन पडायचं: रबरी सूट, डोळ्यांवरचे मास्क, पायांतले पंख, हवेनं फुगणारी जॅकेटं, आणि ज्यातून श्वास घ्यायचा ते रेग्युलेटर.

"माणूस पाण्यात शिरला की त्याला वाटतं, आता आपल्याला कोण बघतंय," आत्या रात्री जेवताना सांगायची. "मग सूटमध्येच मुततो. वर येतो, तो सूट माझ्या हातात देतो आणि वर थँक्यू म्हणतो."

"अगं, जेवतोय आम्ही," बाबा म्हणायचे.

"तुम्ही जेवताय. मी मास्कमधला शेंबूड खरवडून आलेय."

दिवसातून पन्नासदा तरी तिच्या तोंडून 'शी' निघायचं, म्हणून तिथली मंडळी तिला पाठीमागे शीबाई म्हणायची. तिला ते ठाऊक होतं. पण कामात तिच्यासारखी कुणी नव्हती. कुठली वस्तू कशासाठी आहे हे कळल्याशिवाय ती धुवायला तयार नसायची, त्यामुळे सगळं समजावून सांगायची पाळी मास्तरांवर आली.

मास्तर म्हणजे तिथले शिकवणारे. पंचेचाळिशीचे, सडपातळ, आवाज कधी न चढवणारे. घाबरून थरथरणारा माणूससुद्धा त्यांनी हात धरला की शांत व्हायचा. त्यांनी आत्याला दाखवलं की रेग्युलेटरचं टाकीला जोडायचं टोक आधी कोरडं करून त्यावर टोपी लावायची, मगच बुडवायचं, नाहीतर पाणी आतल्या पडद्यापर्यंत जातं. जॅकेटच्या पोटातही खारं पाणी शिरतं, ते उलटं धरून काढायचं, गोडं पाणी आत घालून खळखळवायचं. प्रत्येक रेग्युलेटरला तोंडात धरायचे दोन भाग असतात, एक आपला आणि एक पिवळा, जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायचा. "म्हणजे पिवळा कुणी वापरतच नाही, तर तो कशाला धुवायचा?" असं एकदा दुकानातल्या कुणीतरी म्हटलं. आत्या म्हणाली, "ज्या दिवशी लागेल त्या दिवशी त्यात झुरळ निघालं तर तू गिळशील का?"

मालकाबद्दल मात्र तिचं मत पहिल्या दिवसापासून वाईट होतं. तो अत्तर मारून यायचा. "इतका वास लावतो म्हणजे खाली काहीतरी कुजलंय," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या वर्षी मालकानं समुद्राच्या बाजूला कॉफी पिण्यासाठी चार टेबलं मांडली. तिथं पूर्वी डिझेलचा जनरेटर होता, तो उचलून पत्र्याच्या शेडशेजारी आणून ठेवला. आत्यानं कपडे वाळत घालताना पाहिलं: कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो ती नळी आणि जनरेटरचं धुराडं यांच्यात हातभराचं अंतर राहिलं होतं.

चारच दिवसांनी एक जाडसर गृहस्थ बायकोबरोबर पाण्यात उतरले आणि वीस मिनिटांत वर आणावे लागले. डोकं फुटतंय म्हणत होते. उलटी त्यांनी रेग्युलेटरमध्येच केली होती. तसं करायचंच असतं. पाण्याखाली तोंडातून रेग्युलेटर काढून उलटी केली तर पुढचा श्वास पाण्याचा येतो. मालक काउंटरवरून ओरडला, "नाश्ता तुडुंब केला असणार!" हॉस्पिटलात न्यायला गाडी बोलावली गेली आणि रेग्युलेटर आत्याच्या टबात आला.

तिनं नाकाला फडकं बांधून तो उघडला. उलटीचा वास तिला नवा नव्हता. पण उलटी निघून गेल्यावरही नळीतून दुसरा एक वास येत राहिला, जळक्या तेलाचा. ती तशीच ओल्या हातांनी मास्तरांकडे गेली.

"मास्तर, ह्या नळीला धुराचा वास येतोय. ते जनरेटर बघा कुठं ठेवलंय."

मास्तरांनी हुंगलं. मग म्हणाले, "मालकांशी बोलतो, ताई."

पुढचे तीन आठवडे वर येणाऱ्यांतला कुणी ना कुणी कपाळ दाबत यायचा. मालकानं काउंटरवर काचेच्या वाडग्यात डोकेदुखीच्या गोळ्या ठेवल्या, पेपरमिंट ठेवतात तशा. आत्यानं मास्तरांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, फिल्टर बदललाय, वास जाईल. तिनं मान डोलावली आणि टबाकडे वळली. नंतर कित्येकदा ती मला म्हणाली, "त्यांच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला नव्हता. मला नोकरी हवी होती. म्हणून विश्वास बसल्यासारखं केलं. स्वतःच्या तोंडाला स्वतःच्याच थुंकीचा वास यावा तसं झालं."

याच दिवसांत मी तिथं कोर्सला नाव घातलं. मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. एकतीस वर्षांची होईपर्यंत समुद्रापासून अर्ध्या मैलावर राहून मी गुडघ्यापलीकडे पाण्यात गेले नव्हते, दिवसभर लोकांना लहान लहान अक्षरं वाचायला लावत बसले होते. कंटाळा आला होता. आत्या म्हणाली, "ये. पण सूट घरून धुऊन आणलेला देईन तोच घालायचा." आणि त्या वासाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. आधी सगळं तरणतलावात होणार होतं, टाक्यांचं काम तिथं थोडंच. पुढचं पुढं बघू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

मास्तर खरोखर सुरेख शिकवायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सगळं विसरलात तरी चालेल, एक विसरू नका. श्वास कधीही रोखून धरायचा नाही." का, ते त्यांनी फुगा घेऊन दाखवलं. वर समुद्राच्या पृष्ठभागावर जेवढा दाब असतो, त्याच्या दुप्पट दहा मीटरवर. तिथं भरलेली छाती तशीच बंद ठेवून वर आलात, की आतली हवा दुपटीनं फुगणार, आणि फुप्फुस म्हणजे काही रबर नव्हे. म्हणून वर यायचं तेही सावकाश, आपल्याच बारीक बुडबुड्यांच्या मागे राहून, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून. कान दुखायच्या आधी नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. दुखायला लागले तर जोर न करता थोडं वर यायचं. टाकीतली हवा दाखवणाऱ्या काट्यावर पन्नास दिसायच्या आत वर असायचं.

मास्कच्या काचेवर धुकं धरू नये म्हणून आत थुंकून चोळायचं, हेही त्यांनीच शिकवलं. मी थुंकले. पलीकडच्या टबापाशी आत्या होती. ती म्हणाली, "शी. आमच्या घरची मुलगी." पण हसत होती. तसं हसताना मी तिला फार कमी वेळा पाहिलंय.

समुद्रात उतरायचा दिवस उजाडला. आम्ही सातजण होतो. सकाळचे नऊ वाजले होते, पाणी सपाट होतं, धक्क्यावर सोळा टाक्या रांगेत उभ्या होत्या. आत्या सूट वाटत होती. मास्तरांनी आम्हाला जोडीजोडीनं एकमेकांचं सामान तपासायला लावलं: जॅकेट फुगतंय का, वजनाचा पट्टा एका हातानं सुटतो का, बकलं लागलीत का, हवा उघडीय का. रेग्युलेटर बसवण्याआधी टाकीच्या तोंडातली धूळ उडावी म्हणून झडप क्षणभर उघडायची असते. मास्तरांनी माझ्या टाकीची उघडली. फस्स झालं.

आत्या चार पावलांवर होती. तिच्या हातातला सूट खाली पडला.

"थांबा," ती म्हणाली. "पुन्हा उघडा ती."

"ताई, आता उशीर होतोय..."

तिनं पिशवीतून पांढरं स्वच्छ फडकं काढलं, हॉस्पिटलमधल्या जुन्या चादरीचं, चौपदरी केलं, टाकीच्या तोंडावर धरलं आणि स्वतःच झडप सैल केली. एक मिनिटभर हवा फडक्यातून जाऊ दिली. मग ते उलटून आमच्यापुढे धरलं. मधोमध एक डाग पडला होता, पिवळट, कडांना तपकिरी. मी वाकून हुंगलं. बस निघून गेल्यावर रस्त्यावर मागे राहतो तसा वास होता.

"हे जाणार होतं हिच्या छातीत," आत्या म्हणाली.

आता खरं सांगते. त्या क्षणी मला भीती वाटली नाही, लाज वाटली. बाकीचे सहाजण बघत होते. त्यांतल्या दोघांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या होत्या. मी दबक्या आवाजात म्हटलं, "आत्या, पुरे ना आता." हे वाक्य आठवलं की अजूनही मला स्वतःची शिसारी येते.

अत्तराचा वास आधी आला, मग मालक. च्युइंगम चघळत म्हणाला, "काय तमाशा आहे?"

"तुमच्या हवेत धूर आहे. जनरेटर हलवा, कॉम्प्रेसर साफ करा, मग माणसं उतरवा."

"बाई, नवीन नळीच्या रबराचा वास आहे तो. तुमचं काम धुवायचं. तेवढं धुवा."

"तीन आठवड्यांपूर्वी मास्तरांकरवी सांगितलंय मी."

मालक चघळायचा थांबला. "मला कुणी काही सांगितलेलं नाही," तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच तो खरं बोलतोय असं वाटलं, कारण त्यानं मास्तरांकडे पाहिलं, आणि मास्तर स्वतःच्या पायांकडे बघत होते.

"राहून गेलं," मास्तर म्हणाले.

"फिल्टर बदललाय म्हणालात," आत्या म्हणाली.

"तो... बदलणार होतो."

मालकानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "काय मास्तर, तुम्ही जाणकार. आज उतरायला काही हरकत आहे का?"

मास्तरांनी आम्हा सातजणांकडे पाहिलं, टाक्यांकडे पाहिलं, त्या खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं. आणि म्हणाले, "नाही. उथळच आहे. दहा मीटर फक्त."

दहा मीटर! याच माणसानं फुगा धरून मला शिकवलं होतं की तिथं दाब दुप्पट, म्हणजे एकेका श्वासात हवाही दुप्पट. मग विषसुद्धा दुप्पट. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. ते मला माहीत होतं ते त्यांच्यामुळेच.

आत्यानं मालकापुढे रेग्युलेटर धरला. "तुम्ही इथंच बसून दहा मिनिटं ओढून दाखवा. पाण्यात नका जाऊ. इथं, खुर्चीवर."

लोक बघताहेत म्हणून त्यानं तो घेतला. आधी रुमालानं तोंडाचा भाग पुसला. आत्यानं स्वतः तीन पाण्यांतून काढलेला भाग! दोन श्वास घेतले, आणि खोकत बाजूला केला. "मला सर्दी आहे," म्हणाला.

"शी," आत्या म्हणाली. मी तिच्या तोंडून हा शब्द हजारदा ऐकला असेल, पण असा नाही. तो मालकासाठी नव्हता. ती मास्तरांकडे बघत होती.

मग तिनं पदर खोचला आणि रांगेच्या टोकापासून एकेका टाकीची झडप उघडायला सुरुवात केली. मालक धावला तशी ती म्हणाली, "हात लावून बघा. ह्या सगळ्यांच्या देखत लावा." त्यानं लावला नाही. सोळा टाक्या फूत्कारत होत्या, एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. टाक्या गार पडून त्यांच्या गळ्याशी दव धरलं. आणि एवढ्या संतापातही ती प्रत्येक टाकीचा आवाज बारीक झाला की झडप बंद करत होती. टाकी पार रिकामी करायची नसते, आत ओल शिरते, लोखंड खाते. सोळाच्या सोळा तिनं नीट बंद केल्या, हात पुसले आणि घरी निघाली. मी तिच्यामागे सूट घालूनच चालत गेले.

उरलेल्या सहांपैकी एकानंही तिचे आभार मानले नाहीत. एक बाई तर मागून म्हणाली, "सुट्टीचा विचका केला या म्हातारीनं."

दुसऱ्या दिवशी आत्या ते फडकं पिशवीत गाठ मारून बंदराच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबानं पिशवी दोन बोटांत धरली, उघडली नाही, आणि सांगितलं की फडक्यावरून काही सिद्ध होत नाही. तिनं त्याला म्हटलं, "नाक आहे ना तुम्हाला?" तो म्हणाला, अर्ज करा. अर्ज केला. आठवड्यानं तपासणी झाली, तोवर जनरेटर दुसरीकडे गेला होता आणि शेडला ताजा पांढरा रंग लागला होता. काही आढळलं नाही, असा कागद घरी आला.

तेव्हा तिला तो जाडसर गृहस्थ आठवला. ती आपल्या जुन्या हॉस्पिटलात गेली, त्याला तिथंच नेलं होतं. तातडीच्या विभागातले डॉक्टर तिला ओळखायचे. रात्रपाळीला त्यांना उबदार चादर तीच आणून द्यायची. डॉक्टरांनी तारीख विचारली, कागद काढला आणि दोनदा वाचला. त्या माणसाच्या रक्तात धुरातला विषारी वायू सापडला होता, तोच, कार्बन मोनॉक्साइड. "मला वाटलं हॉटेलच्या खोलीतला गिझर," ते म्हणाले. "मी त्यांना गिझर तपासायला सांगितलं. ते पाण्याखालून आलेत, पाण्याखाली धूर कुठला, असा विचार केला मी."

"धूर वरूनच बरोबर नेला होता त्यांनी, टाकीत भरून," आत्या म्हणाली.

कागद त्यांनी तिच्या हातात दिला नाही, नियम नाही तसा. पण त्याच दुपारी स्वतः कचेरीला पत्र लिहिलं. या वेळी जनरेटर हलवण्याआधी भरून शेडमध्ये राहिलेल्या टाक्यांतली हवा तपासायला गेली. आठ दिवसांत दुकानाला टाळं लागलं.

मास्तर त्या संध्याकाळी आमच्या घरी आले. दारात उभं राहून ते चप्पल काढायला लागले.

"काढू नकोस," आत्या म्हणाली. आजवर ती त्यांना अहोजाहो करायची. "तुला आत यायचं नाहीये."

"ताई, मी मालकांना सांगणारच होतो. पण त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. बोललो असतो तर..."

"मला त्याचा स्वभाव ठाऊक होता, म्हणून त्याची नुसती किळस यायची. तुझा ठाऊक नव्हता."

ते रडायला लागले. आत्यानं दार लावलं, आणि मग त्यांनी वाजवलेल्या कडीला हात लागला म्हणून साबणानं हात धुतले. आईला ते फार झालं असं वाटलं. मला नाही वाटलं.

मालकाचं काही बिघडलं नाही. दोन महिन्यांनी त्यानं किनाऱ्यावर दुसरीकडे वेगळ्या नावाची पाटी लावली. आत्याला खाडीपलीकडच्या एका बाईनं बोलावून घेतलं. तिची स्वतःची स्कूबाची शाळा होती, लहानशी. आत्यानं पहिली अट घातली की रोज सकाळी पहिल्या टाकीवर ती फडकं धरणार आणि डाग दिसला तर त्या दिवशी कुणी उतरणार नाही. बाईनं लगेच कबूल केलं. शिवाय हवेची नळी छपरावर नेली.

सहा महिन्यांनी त्या बाईकडे मास्तर काम मागायला आले. तिनं आत्याला विचारलं. आम्हाला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. आत्या म्हणाली, "ठेवा. शिकवायला ठेवा. हवा भरायला नको, आणि कुठला निर्णय घ्यायलाही नको. नाक शिंकरायचं तरी चार जणांना विचारेल तो."

समुद्रात मी पहिल्यांदा उतरले ते त्यांच्याबरोबरच. दुसरं कुणी त्या दिवशी मोकळं नव्हतं. दोरीला धरून खाली जाताना माझा डावा कान अडकला. त्यांनी हातानं खूण केली, थोडं वर, आता फुंका, आता पुन्हा. कान सुटला. आठ मीटरवर माझा श्वास उगाच भरभर व्हायला लागला तशी त्यांनी माझी दोन्ही मनगटं धरली, डोळ्यांत पाहिलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून सावकाश श्वास सोडून दाखवला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. माझा श्वास त्यांच्या श्वासामागे गेला. त्यांच्या हातांचा मला तिटकारा वाटत होता आणि ते सोडावेसेही वाटत नव्हते. त्यांनी अंगठा आणि बोटाचं वर्तुळ करून विचारलं, सगळं ठीक? मी तसंच वर्तुळ करून उत्तर दिलं. दुसरं काय देणार?

वर आल्यावर आत्यानं माझ्या खांद्यावरून जॅकेट उतरवून घेतलं.

"कसा शिकवतो?" तिनं विचारलं.

"फार चांगला."

"हो," ती म्हणाली. "अळीबरोबर सगळं फळच नासकं निघालं असतं, तर थुंकून टाकता आलं असतं. पण हे गोड निघालं." मग जॅकेट उलटं धरून त्यातलं पाणी काढायला लागली.